अभ्यासिकेसाठी ट्रस्ट नोंदवावा का, आणि जमीन त्यात घालावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यातल्या एका गावात सहा मित्र वर्गणी काढून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवतात आणि दरवर्षी काही मुलींची कॉलेजची फी भरतात. सगळा व्यवहार एकाच मित्राच्या बचत खात्यातून होतो. आता गावातून पुण्यात जाऊन मोठा झालेला एक उद्योजक चांगली देणगी देतो म्हणाला आहे, पण त्याला '८०जी'ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती हवी. मित्रांपैकी एकाला वडिलांच्या नावाने ट्रस्ट काढायचा आहे आणि वडिलोपार्जित शेतातले बारा गुंठे इमारतीसाठी त्यात द्यायचे आहेत. ट्रस्ट करावा की संस्था, नोंदणी कशी होते, फायदा काय, जमिनीचं काय करायचं आणि अमेरिकेतल्या आतेभावाचे पैसे घेता येतील का, असं सगळं एका दमात विचारलं आहे.

मी बरीच वर्षं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टची कामं करतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ट्रस्ट नोंदवा, लवकर नोंदवा, पण जमीन इतक्यात त्यात घालू नका. आता कारणं.

सर्वांत आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातून निघतात. सार्वजनिक ट्रस्ट नोंदवला की त्यातला पैसा आणि मालमत्ता तुमची राहत नाही. तुम्ही विश्वस्त, म्हणजे सांभाळणारे. मालकी लोकांसाठी बांधली गेली. करसवलत, देणगीदारांचा विश्वास, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला, पैसा हे सगळे फायदे मालकी सोडल्याच्या बदल्यात मिळतात. 'ट्रस्ट आमचाच, फक्त टॅक्स वाचावा' या हिशोबाने आलेल्या मंडळींना मी चहा पाजून परत पाठवतो. कायद्यात त्यांच्यासाठी जागा नाही, आणि पाच-सात वर्षांनी नोटीस आली की तेच वकिलाला दोष देतात.

घरातल्यांसाठीच काही करायचं असेल, उदाहरणार्थ आजारी भावाची आयुष्यभराची सोय, तर त्यासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी ट्रस्ट करतात. त्याला धर्मादाय कार्यालय लागत नाही आणि करसवलतही नाही. तुमचं काम त्यातलं नाही. अभ्यासिका गावातल्या कोणत्याही मुलामुलीसाठी खुली आहे, म्हणून तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. हा पूर्वीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामं कलम ९ मध्ये धर्मादाय उद्देश म्हणून मोजली आहेत. अभ्यासिका आणि शिष्यवृत्ती शिक्षणात सरळ बसतात.

सरकारने यात कशाला पडायचं, असं पुष्कळ जण विचारतात. हा वाद जुना आहे. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची काही कलमं काढली, पण देखरेखीचा मुख्य ढाचा कायम ठेवला. तेव्हापासून त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलंच आहे.

आणखी एक. तुम्ही आज जे करताय तेही तसं कायद्याच्या कडेवर आहे. गणपतीच्या मंडळाला तात्पुरती वर्गणी गोळा करायला कलम ४१-सी खाली परवानगी काढता येते, ती सणापुरती. वर्षानुवर्षं लोकांकडून पैसे घेऊन लोकांसाठी कायमचं काम चालवायचं असेल तर कलम १८ प्रमाणे ट्रस्ट अस्तित्वात आल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करणं हे विश्वस्तांचं कर्तव्य आहे. त्यात एकाच्या बचत खात्यात सगळ्यांची वर्गणी, म्हणजे उद्या आयकर खात्याने विचारलं तर ती त्या मित्राची मिळकत नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागणार. देव न करो, पण तो अचानक गेला तर पैसे वारसांच्या नावावर चढतील आणि वहिनींकडे मागायला कोणाची जीभ रेटणार नाही.

ट्रस्ट की संस्था

संस्था म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालची. तिला किमान सात सभासद लागतात, सर्वसाधारण सभा असते, कार्यकारी मंडळाची निवडणूक असते. महाराष्ट्रात धर्मादाय काम करणाऱ्या संस्थेला १८६० ची नोंदणी झाल्यावर पुन्हा १९५० च्या कायद्याखालीही नोंदणी लागते. म्हणून आमच्याकडे संस्थांच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात, त्यातला 'एफ'ने सुरू होणारा धर्मादायचा. सर्वांसाठी खुल्या असलेल्या साध्या ट्रस्टचा क्रमांक बहुधा 'ई'ने सुरू होतो.

शाळा-कॉलेज काढायचं असेल, गावातले शंभर लोक सभासद करून घ्यायचे असतील, तर संस्था बरी. पण संस्थेत भांडणाचा मूळ माल असतो सभासद यादी. निवडणुकीच्या आधी कोणी पन्नास अर्ज घुसवतो, कोणी जुन्या सभासदांची नावं उडवतो, आणि मग दोन कार्यकारी मंडळं, मंडळ बदलल्याची नोंद करा म्हणणारे दोन बदल अर्ज घेऊन एकाच टेबलासमोर उभी राहतात. तुम्ही सहा जण आहात, काम मर्यादित आहे, एकमेकांवर भरोसा आहे. तुम्हाला ट्रस्टच सोयीचा. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हा तिसरा पर्याय. तिचा वर्षाचा कागदोपत्री खर्च गावच्या अभ्यासिकेला झेपणार नाही, त्यामुळे तो सोडून द्या.

न्यासपत्रात, म्हणजे ट्रस्ट डीडमध्ये, काय लिहायचं

खरं काम इथे आहे आणि लोक नेमके इथेच घाई करतात. झेरॉक्सच्या दुकानातून कोणाचं तरी जुनं ट्रस्ट डीड आणायचं, नाव बदलायचं, सह्या ठोकायच्या. त्या कागदात तुम्हाला पुढची पन्नास वर्षं राहायचं आहे. नंतर बदल करायचा म्हटलं तर उद्देश आणि व्यवस्थापनाच्या रचनेसाठी कलम ५०-ए खाली योजना मंजूर करून घ्यावी लागते आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

उद्देश लिहिताना 'स्पर्धा परीक्षा अभ्यासिका चालवणे' एवढंच लिहू नका. उद्या तुम्हाला संगणक वर्ग, वाचनालय, वसतिगृह करायचं असेल. 'शिक्षणाचा प्रसार, त्यात अभ्यासिका, ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती व तत्सम साधने' असं मोकळं लिहा. पण मोकळं म्हणजे अघळपघळ नव्हे. गोरक्षणापासून अंतराळ संशोधनापर्यंत बावीस उद्देश लिहिलेलं डीड आयकर खात्यातल्या माणसाच्या भुवया उंचावतं. आणि एक कटाक्षाने टाळा: 'अमुक समाजातील मुलांसाठी'. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी असेल तर त्याला आयकराची सूट मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांना वेगळं ठेवलं आहे, त्यामुळे मुलींच्या शिष्यवृत्तीला काही अडचण नाही.

विश्वस्त पाच ठेवा. सहाच्या सहा जण घेतले तर मतं तीन-तीन होऊन अडकतात. एकाच घरातले तिघे नकोत. गावात राहणारे निदान दोघे हवेत, नाहीतर सभा पुण्यात आणि काम माणमध्ये अशी गत होते. एखादी निवृत्त शिक्षिका घ्या, हिशोबाच्या वह्या नीट राहतात, हा माझा अनुभव. वडिलांच्या नावाचा ट्रस्ट आहे म्हणून त्या मित्राने 'मी आणि माझ्यानंतर माझा मुलगा' असं लिहायचा आग्रह धरला तर समजूत घाला. तहहयात विश्वस्तांच्या संख्येवर २०२५ च्या दुरुस्तीने एक चतुर्थांशाची मर्यादा आली आहे. डीड अंतिम करण्याआधी ती तरतूद वकिलाला समोर ठेवायला सांगा.

रिकाम्या जागेचं कलम मी असं लिहितो, वाटल्यास उचला: 'एखाद्या विश्वस्ताची जागा मृत्यू, राजीनामा, अपात्रता किंवा योग्य कारणाशिवाय सलग तीन सभांना गैरहजेरी यामुळे रिकामी झाल्यास उर्वरित विश्वस्त बहुमताने साठ दिवसांत ती भरतील, मृत विश्वस्ताच्या वारसास केवळ वारस म्हणून विश्वस्तपदाचा हक्क राहणार नाही.' शेवटचं अर्धं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते नसल्यामुळे चाललेले खटले मी स्वतः पाहतो आहे.

दोन गोष्टी आयकरासाठी डीडमध्ये लागतातच. एक, ट्रस्ट रद्द करून मालमत्ता परत घेता येणार नाही. दोन, ट्रस्ट बंद पडला तर शिल्लक मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या धर्मादाय ट्रस्टकडे जाईल, विश्वस्तांमध्ये वाटली जाणार नाही. ही वाक्यं नसली की अर्ज परत येतो.

पत्ता गावचा द्या, जिथे अभ्यासिका आहे तिथला. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटचा दिलात तर घर बदललं की पत्ता बदल, आणि कार्यालयाचं कार्यक्षेत्रही पुण्याचं. गावचा पत्ता असेल तर काम साताऱ्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे चालेल.

नोंदणी प्रत्यक्षात कशी होते

डीड योग्य मुद्रांकावर करायचं. त्यात स्थावर मालमत्ता असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. तुम्ही सुरुवात पाच-दहा हजार रुपयांच्या मूळ निधीने करणार असाल तर काम सोपं आहे. मग धर्मादाय विभागाच्या संकेतस्थळावर शेड्यूल दोनचा अर्ज भरायचा आणि कागदांचा संच कार्यालयात दाखल करायचा. डीडची प्रत, विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, जागामालकाची नाहरकत आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, अर्जदार विश्वस्ताचं प्रतिज्ञापत्र, मूळ निधीचा पुरावा, वकील असेल तर वकीलपत्र. सरकारी फी नाममात्र आहे. खर्च होतो तो मुद्रांक, नोटरी आणि वकिलाच्या फीचा. वकिलाची फी आधी ठरवून घ्या आणि त्यात काय काय येतं हे लिहून घ्या. पुष्कळदा 'नोंदणी' म्हणून घेतलेल्या फीत आयकराचं काम नसतं आणि ते लोकांना नंतर कळतं.

अर्ज दाखल झाला की जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी मुदत ठेवली जाते. त्यानंतर कलम १९ खालची चौकशी. हा शब्द ऐकून लोक घाबरतात, पण ती फौजदारी चौकशी नाही. हा ट्रस्ट खरोखर अस्तित्वात आहे का, तो सार्वजनिक आहे का, उद्देश काय, मालमत्ता कोणती, विश्वस्त कोण, पुढचे विश्वस्त कसे येणार, एवढंच पाहतात. कधी निरीक्षक जागेवर येऊन जातो. अर्जदाराने प्रतिज्ञापत्रावर जे लिहिलंय तेच त्याला तोंडी सांगता आलं पाहिजे. मूळ निधी कोणी दिला असं विचारल्यावर अर्जदार वकिलाकडे बघायला लागला की साहेब कागद बाजूला ठेवतात. सुनावणीला जाण्याआधी स्वतःचं डीड एकदा वाचा. गंमत नाही, निम्मे लोक वाचत नाहीत.

सगळं ठीक असेल तर आदेश होतो, नोंदवहीत नोंद होते आणि प्रमाणपत्र मिळतं. त्याबरोबर शेड्यूल एकचा उतारा मागून घ्या. जमिनीला जसा सातबारा तसा ट्रस्टला हा उतारा: विश्वस्त कोण, मालमत्ता काय, उद्देश काय, सगळं त्यावर. बँक, आयकर, सीएसआरवाले पुढे तोच मागतात. अर्ज नामंजूर झाला तर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे साठ दिवसांत अपील आहे. कागद स्वच्छ असतील तर चार-सहा महिने धरा, त्रुटी निघाल्या की वर्ष. 'आठ दिवसांत ट्रस्ट' अशी जाहिरात करणाऱ्यांपासून लांब राहा.

फायदे, आणि कोणते फायदे नाहीत

करापलीकडचे फायदे आधी सांगतो, कारण त्यांकडे कोणाचं लक्ष नसतं. नोंदणी नसलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या वतीने हक्क बजावण्याचा दावा दिवाणी न्यायालय चालवत नाही, कलम ३१ ने ते बंद केलं आहे. म्हणजे उद्या भाड्याच्या जागेवरून कोणी हुसकावलं किंवा ठेकेदाराने पैसे घेऊन काम सोडलं तर नोंदणीशिवाय तुम्ही रिकाम्या हाताने उभे. नोंदणी झाली की ट्रस्टचा स्वतंत्र पॅन, स्वतंत्र खातं, आणि विश्वस्त बदलले तरी काम चालू. विश्वस्ताच्या वैयक्तिक कर्जासाठी ट्रस्टच्या पैशाला हात लावता येत नाही.

आता कर. धर्मादाय नोंदणीने आयकर आपोआप माफ होतो हा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, १२एबीची, आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून वेगळी ८०जीची. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे आणि त्यात या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण देणगीदारापासून सीएपर्यंत सगळे अजून जुन्याच नावाने बोलतात, म्हणून मीही तेच वापरतो. अर्ज करताना मात्र पोर्टलवरचा चालू क्रमांक घ्या.

इथे एक युक्तीची गोष्ट. धर्मादायचं प्रमाणपत्र आणि पॅन हातात आले की ट्रस्टच्या नावाने काम सुरू करण्याआधी आयकराचा अर्ज टाका. काम सुरू होण्याआधीच्या अर्जावर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि ती फारशी चौकशी न होता मिळते. काम सुरू झाल्यावर गेलात तर थेट नियमित नोंदणीची तपासणी, म्हणजे हिशोब, पावत्या, फोटो, लाभार्थींची यादी. तात्पुरती नोंदणी मिळाल्यावर काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत नियमितसाठी अर्ज करायचा. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण खातं आठवण करून देत नाही. नियमित नोंदणी पाच वर्षांची असते. लहान ट्रस्टना, म्हणजे अर्जाच्या आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना, १२एबीची नोंदणी २०२५ च्या वित्त अधिनियमाने १० वर्षांची केली आहे. ८०जीचं नूतनीकरण वेगळं असतं, दोन्हीची मुदत एकच आहे असं गृहीत धरू नका.

सूट मिळते ती उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात उद्देशासाठी खर्च केली तर. उरलेले १५ टक्के राखून ठेवता येतात. इमारतीसाठी मोठी रक्कम साठवायची असेल तर विशिष्ट हेतू लिहून, मुदतीत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येते, पण ती मान्य गुंतवणुकीतच ठेवायची. विश्वस्ताच्या भावाच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवली की सूट धोक्यात. तसंच विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना ट्रस्टमधून अवाजवी फायदा गेला तरी. विश्वस्ताच्या पुतण्याला ग्रंथपाल म्हणून पगार देता येत नाही असं नाही. पण पगार बाजारातल्या इतकाच हवा, ठराव हवा, हजेरी हवी, आणि तो खरंच कामाला येत असला पाहिजे.

तुमच्या उद्योजकाचं आता. ८०जीमध्ये तुमच्यासारख्या ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही त्याच्या उत्पन्नाच्या ठरावीक १० टक्के मर्यादेत. दोन हजारांच्या वरची रोख देणगी यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा बँकेतूनच घ्या. आणि मुख्य म्हणजे तो व्यक्ती म्हणून नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ८०जीची वजावट मिळतच नाही. २२ टक्क्यांचा कमी दर घेतलेल्या कंपनीलाही नाही. मी दोनदा पाहिलंय, देणगीदाराने मार्चमध्ये पावतीसाठी जीव काढला आणि जुलैमध्ये सीएने सांगितलं की पावतीचा उपयोग नाही. त्याला आजच विचारा. पैसा कंपनीच्या सीएसआरचा असेल तर चित्र वेगळं: ती कंपनी कायद्यातली दोन टक्क्यांची जबाबदारी आहे, त्यात ८०जीची वजावट हा मुद्दा नाही, पण ट्रस्टकडे १२एबी, ८०जी आणि सीएसआर-१ची, म्हणजे असा पैसा घेण्यासाठीची, नोंदणी हवी.

देणग्या घेतल्या की दरवर्षी ३१ मेपर्यंत त्यांचं विवरण पोर्टलवर भरायचं. त्यातून निघणारं प्रमाणपत्र हीच देणगीदाराची खरी पावती, तुमच्या छापील पुस्तकातली नव्हे. पुस्तकात प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन घ्या. नाव नसलेल्या देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर आहे. मंदिराच्या दानपेटीचे नियम शिक्षणाच्या ट्रस्टला लावू नका.

नोंदणीनंतरचं ओझं

दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद, सीएकडून ऑडिट, शेड्यूल आठ आणि नऊच्या नमुन्यात ताळेबंद आणि जमाखर्च, आणि ते धर्मादाय कार्यालयाला सादर. आयकराचं विवरण आणि त्याचं ऑडिट वेगळं. कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी.

पण ट्रस्ट बुडतात ते ऑडिटमुळे नाही, बदल अर्जामुळे. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, नवी मालमत्ता आली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे आमच्या भाषेत चेंज रिपोर्ट. एका तालुक्याच्या गावातला जुना ट्रस्ट माझ्याकडे आला होता. चांगली इमारत, चालू वसतिगृह. शेड्यूल एकवर सात नावं, त्यातली पाच माणसं वारलेली. मधल्या काळात तीन वेळा नवे विश्वस्त नेमले, ठराव झाले, पेढे वाटले, पण बदल अर्ज एकही नाही. बँकेने सह्या बदलायला नकार दिला, कारण कागदावर विश्वस्त म्हणून कोणी जिवंतच नव्हतं, दोघे सोडून, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं बंद. जुने अर्ज विलंबमाफीसह एकामागून एक मंजूर करून घेताना वसतिगृहाच्या मेसचे पैसे विश्वस्तांनी खिशातून भरले. विश्वस्त बदलाच्या बिनहरकत अर्जांना तात्पुरती मंजुरी देण्याची सोय आता कायद्यात आहे, त्यामुळे वेळेत गेलात तर त्रास कमी. सभेच्या इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी घ्या आणि सभेची नोटीस पोचल्याचा पुरावा ठेवा. बदल अर्जातलं निम्मं भांडण 'मला नोटीस मिळालीच नाही' यावर असतं.

बारा गुंठे

मित्राची भावना चांगली आहे, म्हणूनच सावकाश जा.

पहिली गोष्ट, जमीन वडिलोपार्जित आणि बहुधा वाटप न झालेली. तिचा तुकडा एकट्याने बक्षीस देता येत नाही. २००५ नंतर बहिणींचाही जन्मतः हक्क आहे, त्यामुळे त्यांच्यासह सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील. 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हे वाक्य ऐकलं की मी फाइल बंद करतो. आधी वाटप करून त्याच्या नावावर वेगळा सातबारा होऊ द्या.

दुसरी, जमीन शेतीची. ट्रस्ट शेतकरी नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन विक्रीने, बक्षिसाने, भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय जात नाही. शिवाय माणच्या त्या भागात जमीन जिरायत असणार, आणि जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, म्हणजे बारा गुंठ्यांना तुकडेबंदीही, म्हणजे त्याहून लहान तुकडे पाडायची मनाईही, आडवी येते. त्यामुळे रस्ता असा: वाटप, मोजणी, जमीन बिगरशेती करून घेणं, आणि मगच ट्रस्टच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र. घरातल्या घरात दिलेल्या बक्षिसाला मुद्रांकात जी सवलत असते ती ट्रस्टला मिळत नाही, तेव्हा तो खर्चही धरून चाला.

तिसरी गोष्ट मी त्या मित्राला त्याच्या बायकोमुलांसमोर विचारतो. एकदा जमीन ट्रस्टची झाली की १९५० च्या ट्रस्ट कायद्याचं कलम ३६ लागतं. विकायची, अदलाबदल करायची, कोणाला द्यायची, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. अभ्यासिका बंद पडली तरी जमीन घराण्याकडे परत येणार नाही. मुलगा उद्या म्हणाला 'बाबांनी भावनेच्या भरात दिली', तरी नाही. हे सगळ्यांना मान्य असेल तर द्या, उत्तम काम आहे. तोवर अभ्यासिका आहे त्या जागेत चालू द्या किंवा ग्रामपंचायतीकडे समाजमंदिराची खोली मागा. ट्रस्टची दोन-तीन ऑडिट झाली, विश्वस्तांची घडी बसली, की जमिनीचं पाऊल उचला. वडिलांचं नाव ट्रस्टला देण्यासाठी जमीन द्यावी लागत नाही.

आजवरचे पैसे

बचत खात्यात जी शिल्लक आहे ती ट्रस्टचं खातं उघडल्यावर एकाच चेकने वळती करा. सोबत आजवरच्या जमाखर्चाची एक यादी करून सहाही जणांनी सह्या करा. फार सुबक नको, पण वर्षवार वर्गणी किती, फी किती भरली, भाडं किती गेलं एवढं असावं. नियमित नोंदणीच्या वेळी अधिकारी 'हे काम कधीपासून' विचारतात तेव्हा हा कागद आणि मुलींच्या फीच्या पावत्या उपयोगी पडतात.

आतेभाऊ

त्याचा पासपोर्ट कोणता हे विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर तिकडे राहत असला तरी त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा आणि पैसे घ्या. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, तो पैसा विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० खाली येतो आणि त्या कायद्याच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. त्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षं जुनी संस्था, त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाखांचा खर्च, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खास खातं लागतं. तुम्ही त्यापासून अजून लांब आहात. त्याने आत्याच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि आत्याने ट्रस्टला द्यायचे, असा आडमार्ग कोणीतरी सुचवेलच. नातेवाइकाला पाठवलेले पैसे हा त्यांच्या घरचा व्यवहार आहे, पण ट्रस्टला द्यायचे असं आधीच ठरवून ते फिरवले तर जबाब विश्वस्तांना द्यावा लागतो. भावाला सांगा, गावी आला की मुलांना दोन दिवस इंग्रजी मुलाखतीचा सराव करून दे. त्याला कोणतीच परवानगी लागत नाही.